डाव्या कडेची पात

"काकी, तिथं मी असतो," धनपत म्हणाला.

सुखराजी जागची हलली नाही. द्रेकेती नदीच्या काठी शेजारच्या मेरेओनीचं भात कापणीला आलं होतं आणि कापणारे रांग धरत होते. डाव्या कडेची पात, म्हणजे कापायचा पट्टा, धनपतची. तो ज्या वेगाने कापील त्याच वेगाने बाकीच्यांनी कापायचं, त्याच्या पुढे कोणी सरकायचं नाही, असा इथला रिवाज.

वादळात सुखराजी बांधावरून घसरली होती. उजवं मनगट मोडलं आणि वाकडंच जुळलं. मूठ घट्ट आवळत होती, पण मनगट वळत नव्हतं. मग तिने वारलेल्या नवऱ्याचा विळा काढला, त्याचे दाते उलट्या बाजूने घासले आणि घरामागच्या गवतावर डावा हात बसवला. ही माणसं एकमेकांची शेतं कापून द्यायची. तू नुसता चहा कर, तुझं भात आम्ही कापतो, असं सगळ्यांनी सांगून पाहिलं होतं. तिला तसं कापून घ्यायचं नव्हतं.

"बरं, ये माझ्या डावीकडे," ती म्हणाली. "आता चालव विळा."

धनपतने विळा ओढला, तिनेही ओढला. दोन्ही पाती मधेच एकमेकांवर घासली.

"आता उजवीकडे ये."

या वेळी दोघांच्या मधे फक्त धान धरलेल्या मुठी आल्या. विळे बाहेरच्या बाजूंना राहिले.

"कळलं? माझ्या डावीकडे कोणी नको. रांगेत अशी जागा एकच आहे."

"विचार कर दादा," मेरेओनी म्हणाली. "बोटं काय पुन्हा उगवत नाहीत."

धनपतने मान खाजवली. "पण काकी, तुझा हात हळू चालणार."

"चालणारच. तुम्ही पुढं जाऊ नका म्हणजे झालं."

तो एक पात उजवीकडे सरकला.

सकाळभर रांग गोगलगायीसारखी सरकली. या वेगाने पुढची पेरणीही इथंच उरकून घेऊ, असं रांगेतून कोणीतरी पुटपुटलं. सुखराजीने ऐकलं आणि मूठ आणखी घट्ट धरली. डब्यातले मासे आणि उकडलेले कसाव्याचे कंद खाऊन सगळे पुन्हा वाकले, तोवर तिचा हात लयीत आला होता. संध्याकाळी धनपतने शेताकडे वळून पाहिलं. सगळ्यांची धसकटं एका बाजूला कललेली, डाव्या कडेचा एकच पट्टा दुसऱ्या बाजूला.

दुसऱ्या दिवशी कापणी धनपतच्याच शेतात होती. मनगट गरम पाण्यात शेकता शेकता सुखराजीला उशीर झाला. घाईने बांधावर येऊन पाहते तो रांग धरून झालेली, विळे हातात, पण एकही मूठ कापलेली नव्हती. धनपत कडेपासून दुसरा उभा होता. त्याच्या डावीकडे माणूसभर रुंदीची पात मोकळी होती.

सुखराजीने पदर खोचला, त्या जागी जाऊन वाकली आणि वाकड्या हाताने पहिली मूठ धरली.