नात्याने कोणीच नाही

चर्चच्या तळघरातलं पाळणाघर मावशीच्या आईने सुरू केलं, तेव्हा वर उपासनेला जितकी माणसं जमत त्याहून जास्त पोरं खाली भोकाड पसरत. आजूबाजूला भरगच्च वस्ती होती. छापखाना, बेकरी, शिवणाचे कारखाने, आणि त्यांच्या डोक्यावर तीन-तीन मजले माणसं. बायका कामावर जाता जाता पोरं आणून सोडत. कोणाचा देव कुठला हे आईने कधी विचारलं नाही. पोराचं नाक पुसलंय की नाही, तेवढं बघायची. आईच्या पाठी मावशीने ते सांभाळलं. लग्नाचं राहून गेलं ते गेलंच. कोणी खोदून विचारलं तर म्हणायची, “मला पोरं आयती मिळतात, आणि नवऱ्याची कटकट नाही. तुझं तरी काय बरं चाललंय?”

पण हळूहळू वस्ती उठली. छापखान्याच्या जागी गाड्यांचा तळ झाला, घरांच्या जागी काचेची ऑफिसं. तिथली माणसं सकाळी येत आणि संध्याकाळी लांबच्या घरी जात. त्यांची पोरंही तिकडेच. रविवारी वर पंधरा-वीस पिकली डोकी उरली आणि खाली एकच पोर. भिंगरी.

खरं नाव वेगळं होतं, पण चार वर्षांची ती पोर एका जागी ठरेल तर शपथ. तिची आईसुद्धा याच तळघरात वाढली होती. मावशी तिला अजून ‘नकटी’ म्हणायची. नकटीची आई कोपऱ्यावर इस्त्री करायची, तिने नकटीला मावशीच्या आईच्या हवाली केलेलं. ती इस्त्रीवाली गेली तेव्हा तिला पुरायचं की जाळायचं हेही नकटीला सुचेना, इतकी ती लहान होती. सगळं चर्चने निस्तरलं, आणि नकटी मावशीकडेच वाढली. पुढे नकटी हॉटेलांचे कपडे धुणाऱ्या लाँड्रीत लागली. एकाबरोबर संसार थाटला. पोर पोटात असतानाच तो पसार झाला. भिंगरी अंगावर पीत होती तेव्हाच नकटीने तिला आणून मावशीच्या मांडीत टाकलं होतं. “घे, तुझी नात.”

एका संध्याकाळी नकटी आलीच नाही. भिंगरी बूट घालून, पिशवी गळ्यात अडकवून जिन्याच्या पायरीवर बसली होती. अंधार पडायला लागला तेव्हा लाँड्रीच्या मुकादमाचा फोन आला. चादरी घडी करता करता बाई खाली कोसळल्या, तोंड वाकडं झालं होतं, हॉस्पिटलात नेलंय.

मावशीने भिंगरीला चर्चच्या पाळकांच्या बायकोकडे दिलं आणि पाळकांना घेऊन धावली. पाळक तरुण होते, नवीनच आले होते. नकटी खाटेवर पडली होती. उजवी बाजू लुळी, वाचा गेलेली. डोळे मात्र टक्क उघडे. मावशीला बघून त्या डोळ्यांनी एकच गोष्ट विचारली.

“माझ्याकडे आहे गं,” मावशी म्हणाली. “तू घोर नको करू. माझ्याकडेच राहील.”

दुसऱ्या दिवशी बालकल्याण खात्याच्या बाई चर्चमध्ये आल्या. हॉस्पिटलने कळवलं होतं. बाईंनी तळघर पाहिलं, मागची मावशीची खोली पाहिली, भिंगरीशी दोन शब्द बोलल्या. मग विचारलं, “तुम्ही मुलीच्या नात्याने कोण?”

“मावशी.”

“सख्ख्या?”

उभ्या गल्लीची मावशी, पण सख्खी कोणाचीच नाही.

पाळक मध्ये पडले. “बाई, हिच्या आईला यांनीच वाढवलंय. चर्चतर्फे मी लिहून देतो.”

“द्या. मी वर पाठवीन,” बाई म्हणाल्या. “पण यांचं वय बघा. एकट्या राहतात, तळघराला धड खिडकी नाही. रक्ताचं नातं नाही. आईला बोलता येत नाही, सही करता येत नाही. मी मूल इथे ठेवू शकत नाही.”

“मग आम्ही घेतो,” पाळक म्हणाले.

“तुमच्या घराची तपासणी होईल, परवानगी लागेल. त्यात महिने जातात. मुलीला आज कुठे ठेवू?” बाई वाईट नव्हत्या. मावशीकडे बघून हळूच म्हणाल्या, “मी नाही नेलं तर दुसरं कोणीतरी येईल. तुम्ही सोबत असताना नेलेलं बरं. रडारड कमी होईल.”

आणि मावशीने तेच केलं. भिंगरीला मांडीवर घेऊन तिचे केस विंचरले. बूट चढवायला लागली तर भिंगरीने लाडात पाय मागे ओढला, मग पुन्हा पुढे केला. “गाडीतून फिरायला जायचंय,” मावशी म्हणाली. भिंगरी खूष. गाडीत चढून तिने शेजारच्या जागेवर हात आपटला. “तू बस ना!”

“तू हो पुढे. मी आलेच.”

गाडी वळेपर्यंत मावशी हसरं तोंड करून उभी होती. नंतर ती तिथेच फुटपाथवर बसली. ऑफिसातली माणसं तिला वळसा घालून जात होती.

चर्चच्या मंडळीने प्रार्थना केली. म्हाताऱ्यांनी गुडघे दुखत असूनही गुडघे टेकले. पाळक खात्याच्या दारी खेटे घालत राहिले. कधी साहेब रजेवर, तर कधी फाईल दुसऱ्या टेबलावर. एक दिवस मावशीने विचारलं, “देवाला सांगितलंत ना?”

“रोज सांगतोय, मावशी.”

“मग त्याचंही ऑफिसच असेल,” ती म्हणाली. पाळकांना हसावं की रडावं कळेना.

हॉस्पिटलात डॉक्टरांनी बजावलं होतं की पेशंटच्या मनाला धक्का बसता कामा नये. म्हणून मावशी खोटं बोलली. पहिल्या दिवशी एवढंसंच. “मजेत आहे पोर.” पण नकटीचे डोळे आणखी मागत. मग दर भेटीत खोट्याला नवे हातपाय फुटत गेले. आज दूध सांडलं. आज पाळकबाईंच्या मांजरीला माझी ओढणी नेसवली. नकटीचं अर्धं तोंड हसायचं. ते अर्धं हसू बघायला मावशी पुन्हा यायची आणि पुन्हा रचून सांगायची.

भिंगरीला दुसऱ्या गावात एका कुटुंबात ठेवलं होतं. बऱ्याच खटपटीने मावशीला एकदा भेटायची परवानगी मिळाली. घर स्वच्छ, मागे अंगण, बाई मायाळू. भिंगरी अंगाने भरली होती. मावशीला पाहून ती त्या बाईच्या पायांमागे लपली. मग तिथूनच डोकावून म्हणाली, “तू आली नाहीस.”

“नाही आले गं,” मावशी म्हणाली. चहा पुढ्यात गार झाला. वेळ संपली तेव्हा भिंगरी अंगणात पळत होती, तिला हाक मारायचा मावशीला धीर झाला नाही.

इकडे नकटीला थोडं थोडं बोलता यायला लागलं. शब्द तुटके, लाळ गळायची, पण कळायचं. एका दुपारी तिने मावशीची बाही डाव्या हाताने घट्ट धरली.

“आण... तिला.”

“डॉक्टर म्हणतात अजून...”

“आण.”

आता कुठे पळणार? मावशीने सगळं सांगून टाकलं. खात्याची बाई, गाडी, दुसरं गाव. दूध सांडलं नव्हतं आणि मांजरीला कोणी ओढणी नेसवली नव्हती, तेही सांगितलं. सांगताना तिचाच आवाज तिला परका वाटत होता.

नकटीने ऐकून घेतलं.

“तू... दिलीस?”

“नाही गं! नेली त्यांनी. माझं काय चाललं असतं?”

“बूट... कोणी घातले?”

नकटीने मान भिंतीकडे फिरवली.

पोर परत मिळायला नकटीने स्वतःच्या पायावर उभं राहायला हवं होतं, आणि डॉक्टर त्याबद्दल नुसतेच खांदे उडवत. पाळकांच्या घराची तपासणी झाली. निकाल आला नव्हता. हे सगळं मावशीने त्या फिरवलेल्या मानेला सांगितलं. मान वळली नाही.

मावशीने नेहमीसारखी तेलाची बाटली काढली आणि नकटीचा लुळा हात चोळायला घेतला. बोटं एकेक सरळ केली, मनगट फिरवलं. हात तिच्या हातात निमूट पडून होता. नकटीने तो ओढून घेतला नाही, म्हणून मावशीला क्षणभर बरं वाटलं. मग ध्यानात आलं की तो हात तिला ओढता येतच नाही.

ती उठली, खाटेला वळसा घालून दुसऱ्या बाजूला गेली आणि नकटीचा चांगला हात धरला. नकटीने तो सोडवून चादरीखाली नेला.

भेटीची वेळ संपेपर्यंत मावशी तिथेच स्टुलावर बसून राहिली. “उद्या येते गं,” म्हणाली. दुसऱ्या दिवशी ती गेली, आणि त्याच्या दुसऱ्या दिवशीही.