चिचगडचं तिकीट

आमच्या साहेबांच्या खिशात तिसऱ्यांदा चिचगडचं एसटीचं तिकीट सापडलं, तेव्हा मी धुणं तसंच टाकून मोरीत बसून राहिले. तिन्ही वर्षांची तारीख एकच, बारा जुलै. सांगून जायचे नागपूरला, पेन्शनच्या कामाला. नागपूर कुठे, चिचगड कुठे! पँटच्या दुमडीत वाळलेला चिखल, नखांत चिखल आणि नंतर आठ दिवस पायाच्या बोटांत खाजवत बसणं. नागपूरच्या कोणत्या ऑफिसात एवढा चिखल असतो?

साहेब म्हणजे माझे यजमान, लेफ्टनंट कर्नल चंद्रशेखर मेश्राम, सेना पदक. कारगिलच्या लढाईत ते कॅप्टन होते, तेव्हाचं ते पदक. दोन हजार दहाला निवृत्त झाले, देवरीकडच्या गोरेगावात घर बांधलं आणि बैठकीत बुद्धाच्या मूर्तीशेजारी मी पदकाचं मानपत्र फ्रेम करून लावलं. पाहुणे आले की वाचून दाखवायची मीच. ते उठून अंगणात जायचे. इतकी वर्षं वाटायचं, काय बाई विनय! आता वाटायला लागलं, कसला विनय, माणसाच्या मनातच खोट आहे.

वर्षभर कळ काढली. चिचगडात कोण असेल, हे मी रोज भाजी चिरताना ठरवायची. कधी ती नर्स असायची, कधी विधवा मास्तरीण. मास्तरणीचा मला जास्त राग यायचा.

बारा जुलैला ते सातच्या बसने गेले, मी आठच्या. देवरीला बस बदलली. चिचगडच्या स्टँडवर चहावाल्याला विचारलं, ताठ चालणारा, पांढऱ्या मिशांचा माणूस पाहिला का? तो हसायलाच लागला.

"रोवनेवाले मिलटरी ना? धुरपताबाईच्या बांधीत असतीन. आमच्या इकडं बाया रोवतात. हा बावा सोता रोवते."

चला, नाव तरी कळलं. मी पदर खोचून निघाले.

बांधीत, म्हणजे भाताच्या खाचरात, चार बाया वाकून धान रोवत होत्या आणि त्यांच्या ओळीत आमचे साहेब. पँट गुडघ्यापर्यंत दुमडलेली, डाव्या हातात पऱ्ह्यांची, भाताच्या रोपांची मूठ. घरी पाण्याचा ग्लास हाताने न घेणारा माणूस! बाया हसत पुढे निघून जात होत्या, हे मागे पडत होते. त्यांची माझ्याकडे पाठ होती.

पलीकडे झोपडीच्या दारात एक म्हातारी बसली होती. सत्तरी ओलांडलेली, पाय सुजलेले. ही धुरपताबाई. माझी मास्तरीण तिथल्या तिथे मेली.

"कोन वं तू? जमीन मोजाले आलीस काय?" तिने विचारलं.

तहान लागली म्हटलं. तिने लोटा दिला. मी पीत असताना माझ्या चपला पाहिल्या, घड्याळ पाहिलं.

"त्याची बायको होय ना तू?"

खोटं बोलायची सोय उरली नाही. मी सरळ विचारलं, हे तुमचे कोण लागतात? तो म्हणतो नंदलालचा दोस्त आहे, नाव केवळराम, ती म्हणाली. नंदलाल तिचा एकुलता एक मुलगा, फौजेत वायरलेस उचलायचा, नव्याण्णव साली गेला. घरात दुसरी बाई नाही म्हणून तो लहानपणी आईसोबत रोवायला उतरायचा, गाव हसलं तरी. हे सगळं त्याने फौजेत सांगितलं असावं. पुढच्याच वर्षापासून, नोकरीत असताना सुट्टी काढून, हा केवळराम दर बारा जुलैला हजर. तीच नंदलाल गेल्याची तारीख.

मग तिने ट्रंक उघडली. झाकणाच्या आत वर्तमानपत्राचं पिवळं कात्रण चिकटवलेलं होतं. फोटो आमच्या साहेबांचा. खाली तेच शब्द, जे मला तोंडपाठ होते. 'एका जवानास उजव्या कड्यावर पाठवून शत्रूचे लक्ष वेधले व स्वतः डावीकडून चढाई केली.'

हे वाक्य मी चहा-चिवड्यासोबत शंभर पाहुण्यांना ऐकवलं असेल. तो एक जवान कोण, हे मला एकदाही विचारावंसं वाटलं नव्हतं.

"हा येक जवान म्हनजे माहा नंदलाल," ती म्हणाली. "पहिल्याच साली वळखलं मी याले."

मग कधी बोलल्या नाहीत?

"कायले बोलू? बोललं तं लाजंनं येनार नाई. राग हाये माह्या मनात, खोटं काऊन सांगू? पन रोवन्याच्या दिवशी माह्या पोराच्या जागी कोनीतरी वाकून रायते. तू सांगू नोको त्याले."

मी मागच्या वाटेने निघाले. बसमध्ये मला माझी भयंकर लाज वाटली आणि रडू आलं. संध्याकाळी ते आले, काम झालं म्हणाले. मी गरम पाणी काढून दिलं.

मानपत्र वाचून दाखवणं मी सोडलं. कोणी आग्रह केलाच, तर चष्मा सापडत नाही म्हणते.

यंदा बारा जुलैला त्यांच्या पिशवीत मी जुनी पँट, डबा आणि चिखल्यांवरचं मलम ठेवलं. निघताना त्यांनी पिशवी उघडली. मलमाची ट्यूब बाहेर काढून तिच्यावरचं नाव वाचलं. मी पोळ्या लाटत होते, मान वर केली नाही.

"डबा दोघांपुरता आहे," एवढंच म्हटलं.

त्यांनी ट्यूब परत आत ठेवली, पिशवीची चेन लावली आणि सातची बस धरायला निघाले.