मागच्या जागेपायी

नागरिकहो, कोर्टात वेळ मारून नेणं ही आपल्याकडं हुशारी समजली जाते. "कागद सापडंना" म्हटलं की पुढची तारीख मिळते, आणि माणूस घरी येऊन मिशीला पीळ देतो. उमरगा तालुक्यातले दगडोबाही असेच हुशार होते.

भूकंपानंतर गाव नव्या जागी वसलं, तेव्हा आपापल्या माणसांजवळ राहता यावं म्हणून कित्येकांनी सरकारी घरं आपसांत बदलून घेतली. दगडोबांच्या वडिलांनी आणि बेगमबीच्या सासऱ्यांनीही बदलली. तसा कागद केला आणि तो दगडोबांच्या पेटीत राहिला. त्यात साफ लिहिलं होतं, घर दगडोबांचं, पण मागची मोकळी जागा बेगमबीच्या घरची.

त्याच जागेवर दगडोबांनी गोठा बांधला. बेगमबीनं दावा लावला : कागद दाखवून मागची जागा सोडा, नाहीतर तुम्ही राहता ते, सासऱ्यांच्या नावावरचं घरच परत द्या. कोर्टानं दगडोबांना हुकूम केला, अदलाबदलीचे सगळे कागद हजर करा.

"काका, कागद आहे ना?" वकील दीपमालाताईंनी विचारलं.

"हाय. पण म्या दावणार न्हाय. गोठा जाईल की!"

"गोठा जाईल, घर तरी राहील! हा हुकूम म्हणजे लग्नाचं आवतण नाही, वाटलं तर गेलो. मोडलात तर कोर्ट तुमचा बचावच काढून टाकेल. मग तुमचं कोण ऐकणार? आणि मी खोटं सांगणार नाही."

"असले हुकूम लई बघितले, ताई."

दगडोबांनी वकीलच बदलला! कोर्टानं नोटीस दिली, शेवटची संधी दिली. हे आपले "कागद गहाळ झाला" हेच घोकत राहिले. अखेर त्यांचा बचाव रद्द झाला. सरकारी कागदावर बेगमबीच्या सासऱ्यांचं नाव होतं, त्यामुळं घर सोडण्याचा निकाल लागला.

तेव्हा कुठं दगडोबा कागद घेऊन कोर्टात धावले. वेळ निघून गेली म्हणून कोर्टानं तो घेतला नाही. घरी बायको दगडाबाई भांडी पोत्यात भरत होती. दगडोबा बेगमबीच्या दारात गेले.

"चुकलं माझं, बेगमबी. मागची जागा तुमचीच हाय. गोठा आजच मोडतो. घर तेवढं राहू द्या."

बेगमबीनं कागद वाचून घेतला. तिचे डोळे भरले, पण आवाज कापला नाही.

"सारं गाव मला लबाड म्हणत व्हतं, भाऊ. तवा ह्यो कागद तुमच्याच पेटीत व्हता. माझा नवरा ह्याच घोरात गेला. आता न्हाय."

दगडोबा खाली मान घालून परतले. त्यांना खरंच पस्तावा झाला होता, पण त्यानं घर परत मिळालं नाही.

बंधुभगिनींनो, कोर्ट कागद मागतं ते खरं काय ते कळावं म्हणून. जो माणूस कागद दडवतो, त्याची खरी बाजूही मग कोणी ऐकत नाही. मागितलेला कागद वेळेवर पुढं ठेवा, तो आपल्या विरुद्ध बोलत असला तरी!