रानमेथीच्या जुड्या

ताईने ट्रंकेची कडी उचलली, पण झाकण उघडलं नाही.

"आईची शाल कसरीने खाल्ली असली ना, तर बघ. आजच घेऊन जाते मी."

"ने की. मी कुठं नाही म्हणतोय?" धाकटा भाऊ दारातूनच म्हणाला. मोटारींचं वाइंडिंग करून करून त्याची नखं काळी पडली होती. "मला काय कळतंय त्यातलं!"

"तेच म्हणते मी. आईला जाऊन तीन वर्षं झाली, एकदा तरी उघडलीस का ही?"

तेवढ्यात खालच्या दुकानातून कुणीतरी हाक मारली आणि तो सुटल्यासारखा जिना उतरून गेला.

झाकण उघडलं तशी ताई खालीच बसली. उन्हात निजलेल्या गवताचा, गोडसर, जुना वास.

रानमेथीला पिवळे तुरे आले की कपड्यांना कसर लागू नये म्हणून ती तोडायला आई ताईला कालव्याच्या कडेला न्यायची. ताई मूठभर तोडून नाकाशी धरायची आणि नाक मुरडायची.

"आई, वासच नाही हिला!"

"ओली आहे तोवर गप्प असते. वाळली, कपड्यांत ठेवली, की बोलते."

मग सहा वर्षांची ताई दुपारभर ट्रंकेला कान लावून बसायची. धाकटा पाळण्यात. घरात दुसरा आवाज नसायचा.

तिने शाल उचलली. कसर नव्हती. एका कोपऱ्यावर मात्र बुरशीचा हिरवट डाग. खाली तीन जुड्या होत्या. पहिली काळी पडलेली, ओलीच ठेवलेली. दुसरी कडक उन्हात वाळवून पार पांढरी केलेली. तिसरी बरोबर साधली होती. वास तिचाच होता.

आई जुड्या चिंधीने बांधायची. या तिन्ही तांब्याच्या बारीक तारेने आवळल्या होत्या, अगदी सफाईने, वेढ्याला वेढा लावून.

ताईने शालीची घडी केली, जुड्या होत्या तशाच ठेवल्या आणि कडी लावली.

खाली धाकटा मोटारीवर वाकला होता. ताईच्या रिकाम्या हातांकडे त्याने एकदा पाहिलं.

"शाल?"

"राहू दे इथंच." ती स्टुलावर टेकली. "आता सावलीत वाळवायला लागलास वाटतं."

त्याच्या हातातली तार थांबली.

"कोण बोललं तुला?"

"तीच," ताई म्हणाली. "कानही लावावा लागला नाही."