भागीरथाची बांधी आणि नऊ इंच माती

मित्रांनो, आधी एक गोष्ट सांगून टाकतो, म्हणजे पुढे माझं डोकं फिरणार नाही. मी सुताराचं गिरमिट नाही. मी लाकडाला भोकं पाडत नाही. मी मातीचं गिरमिट आहे. जुनं, सरकारी आणि आता बरंचसं गंजलेलं. हे मला जन्मभर सांगावं लागलं आहे आणि जन्मभर कोणी ऐकलेलं नाही.

कमरेइतकी उंच लोखंडी कांब, वर सागवानाची आडवी मूठ आणि खाली पीळ, असं माझं रूप आहे. मूठ धरून फिरवलं की मी जमिनीत उतरतो. वर ओढलं की पिळात अडकलेली माती माझ्याबरोबर वर येते. ती माती तपासली की कळतं, जमिनीला काय कमी आहे. एवढं साधं माझं काम. पण तेवढंही मला कोणी धड करू दिलं नाही.

माझा जन्म जबलपूरकडच्या एका कारखान्यात झाला. ज्या कारागिराने मला घडवलं, त्याने टोकापासून बरोबर नऊ इंचांवर एक खूण कोरली. धानाची बहुतेक मुळं तेवढ्याच खोलीत असतात, म्हणून तिथपर्यंतची माती घ्यायची. चोपन्न साली मी चांदा जिल्ह्यात आलो. आजचे चंद्रपूर आणि गडचिरोली हे दोन्ही जिल्हे तेव्हा त्या एकाच नावात मावत होते. धानोऱ्याच्या वाटेवरच्या एका गावी गुणवंतराव नावाचे ग्रामसेवक होते. मला त्यांच्या स्वाधीन केलं गेलं आणि माझ्या वैतागाला सुरुवात झाली.

गुणवंतराव मनाने फार चांगले. कोणाच्याही हाकेला सायकलवर टांग टाकून निघायचे. पण वस्तूची काळजी म्हणाल तर शून्य! काम झालं की मला तसंच मातीसकट सायकलच्या दांडीला बांधायचे. कालच्या शेताची माती पिळात, आणि आज दुसऱ्याच्या शेतात स्वारी हजर. कितीदा वाटायचं, अहो, निदान एक फडका तरी फिरवा! गावानेही मला सोडलं नाही. कोणी माझ्याने खेकड्यांची बिळं उकरली, कोणी कुंपणाचे खड्डे केले, आणि एका लग्नात तर मांडवाचा दोर बांधायला मला अंगणात ठोकून ठेवलं. तीन दिवस मी तिथे उभा होतो आणि येणारे-जाणारे माझ्या मुठीवर टोप्या अडकवत होते.

हे सगळं मी सहन केलं असतं. पण एका खोडीपुढे मी अगदी हात टेकले, म्हणजे हात असते तर टेकले असते. गुणवंतराव सगळ्यांना सांगत, बांधीत दहा-बारा ठिकाणी टोचायचं, सगळी माती एकत्र करायची, त्यातली अर्धा शेर सावलीत वाळवून पिशवीत भरायची आणि नागपूरला प्रयोगशाळेत पाठवायची. बांधी म्हणजे चारी बाजूंनी धुरे, म्हणजे मातीचे बांध, घातलेला धानाचा तुकडा. लोक माना डोलवत. मग शेतकरी आम्हांला नेमका त्या कोपऱ्यात नेई जिथे मागच्या साली शेणखताचा ढीग होता.

"इथी टोचा भाऊ, इथली माती पाहा कशी लोण्यावानी आहे!"

बघा आता. पाय दुखतो म्हणून वैद्याकडे जायचं आणि त्याला चांगला पाय दाखवून यायचं! पण त्यांना वाटे, सरकार आपली माती बघायला आलं आहे, तर चांगलीच दाखवायला हवी. घरी पाहुणा आला की आपण फाटकी चटई लपवतो आणि नवी काढतो, तसंच ते मातीचं करत. ह्या एका खोडीने भागीरथाचं काय होऊन बसलं, तेच आज मला सांगायचं आहे.

भागीरथा म्हणजे गावातल्या लटारू नावाच्या म्हाताऱ्या शेतकऱ्याची सून. तिचा नवरा वारलू माजरीच्या कोळसा खाणीत कामाला होता, सणावारी घरी येई. गावाच्या वरच्या अंगाची एक बांधी लटारूने ह्या दोघांना करायला दिली होती. भागीरथा एकटीच ती कसायची. धानाची रोवणी, म्हणजे रोपांची लावणी, तिने स्वतःच्या हाताने केली की महिनाभर सगळं हिरवं दिसे, आणि मग रोपं पिवळी पडत. असं सलग तीन वर्षं झालं.

रोवणीच्या बायांची म्होरकी रुखमाबाई होती. कोणाच्या बांधीत कोणी उतरायचं, रोपांची पहिली जुडी कोणी लावायची, हे तीच ठरवायची. तिने तिसऱ्या वर्षी सांगून टाकलं, "भागीरथाच्या हाताले गुण नाई. तिनं लावलं का पिवळं पडते." झालं! गावाने ते उचललं. भागीरथाला कोणी रोवणीला बोलवेना. बाकीच्या बाया गुडघाभर चिखलात गाणी म्हणत रोप लावत, आणि ही धुऱ्यावर बसून त्यांच्यासाठी पाण्याचा घडा सांभाळी. अशी एक सबंध रोवणी मी सायकलीवरून पाहिली आहे. तिची मान वर होत नसे.

पुढच्या चैत्रात ती आपण होऊन गुणवंतरावांकडे आली. "भाऊ," ती म्हणाली, "तुमचं हे लोखंड खोटं बोलत नाई म्हणतात. माह्या बांधीत टोचून पाहा. मातीत खोट असन त मातीत म्हणा, नाई त मंग हातातच आहे म्हणून मी गप बसतो."

मित्रांनो, मला त्या दिवशी फार बरं वाटलं. आयुष्यात पहिल्यांदा कोणीतरी मला माझ्या कामासाठी बोलावत होतं!

गुणवंतरावांनी तिच्या बांधीत बारा ठिकाणी मला उतरवलं. बाराही ठिकाणी एकच प्रकार. माती पिवळसर, रेताड, भुकेली. वर ओढलं की पिळात टिकायचीच नाही, भुरभुर खाली सांडायची. भारी काळी माती, जिला इकडे कन्हार म्हणतात, ती मला अशी चिकटते की काडीने खरवडावी लागते. मला तिथल्या तिथे उत्तर कळलं. ह्या मातीत धान पिवळं पडलं नसतं तरच नवल होतं.

माती लटारूच्या सपरीत, म्हणजे घरापुढच्या पडवीत, सुपात पसरून ठेवली आणि मला कोपऱ्यात टेकवून गुणवंतराव दुसऱ्या गावी निघून गेले. दुपारी घरात कोणी नव्हतं. म्हातारा लटारू सुपाजवळ येऊन बसला. त्याने चिमूटभर माती बोटांत चोळली आणि मान हलवली.

"सुनेच्या नावानं अशी माती नागपूरले जाईन?" तो पुटपुटला. "तिथले साहेब काय म्हणतीन?"

आणि मग, माझ्या डोळ्यांदेखत म्हणा हवं तर, त्याने ते सूप परसात कोहळ्याच्या वेलाखाली रिकामं केलं. तलावाला लागून त्याची स्वतःची खालची बांधी होती. तिच्यात तो दर उन्हाळ्यात बैलबंडीने तलावाचा गाळ टाकायचा. तिथली काळीभोर माती त्याने दुपट्ट्यात बांधून आणली, ढेकळं फोडली, सुपात नीट पसरली. जाता जाता माझ्याकडे वळून म्हणाला, "तू सांगू नोको काई."

मी सांगू नोको! मला तोंड असतं तर गाव गोळा केलं असतं मी!

अजून आशा होती. गुणवंतराव परत येतील, रंग बघतील, त्यांच्या लक्षात येईल. ते आले. त्यांनी सूप उचललं, क्षणभर थांबले आणि म्हणाले, "वाळून कशी काळी झाली पाहा!" आणि भरली पिशवी. मित्रांनो, माती वाळली की फिकी होते. हे शेळ्यांमागे फिरणाऱ्या पोरालाही ठाऊक असतं. पण ग्रामसेवकाला घाई होती.

मृगाच्या आठ दिवस आधी नागपूरचा कागद आला. लटारूच्या सपरीत माणसं जमली, रुखमाबाई आपल्या बाया घेऊन आली. भागीरथा दाराच्या चौकटीला धरून उभी होती. गुणवंतरावांनी कागद वाचला. जमीन काळी, भारी, कन्हार. कस उत्तम. खताची विशेष गरज नाही.

लटारूचा चेहरा फुलला. सून पहिल्या नंबराने पास झाली असं त्याला वाटत होतं! आणि तेवढ्यात रुखमाबाई उठली.

"म्हणजे मातीत खोट नाई," ती म्हणाली. "आता त सरकारनंही सांगितलं. भागीरथा, राग नोको मानू बाई, पण औंदा आपल्या बांधीतही तू हात लावू नोको. आमी लावून देऊ."

लटारूचं हसू तिथेच थिजलं. सरकारला फसवलं असं कळलं तर काय होईल, ह्या भीतीने त्याला बोलता येईना. तो सारखा माझ्याकडे बघत होता. मी काय करणार होतो?

भागीरथा रडली नाही. ती म्हणाली, "भाऊ, कागदावर कोणता रंग सांगितला?"

"काळा."

ती सपरीत आली, मला कोपऱ्यातून उचललं आणि चालू लागली. "अवं, सरकारी वस्तू आहे ते!" कोणीतरी ओरडलं. ती थांबली नाही. मग सगळी मंडळी तिच्यामागे वरच्या बांधीवर आली. बांधीच्या मध्यावर तिने मला उभं केलं आणि फिरवायला लागली. उन्हाने जमीन दगड झाली होती. तिच्या तळहातांची साल निघाली असेल, पण तिने नऊ इंचांच्या खुणेपर्यंत मला उतरवलं. गुणवंतरावांनी ती खूण कधी नीट पाहिली नव्हती, हिने पाहिली. मग मला वर ओढून तिने रुखमाबाईचा हात धरला आणि माझा पीळ तिच्या ओंजळीवर झटकला. पिवळी रेताड माती भुरभुर पडली.

"सांग बाई, हे कन्हार होय काय?"

चाळीस वर्षं चिखलात हात घातलेली बाई ती. ओंजळीकडे पाहून ती हळूच म्हणाली, "नाई वं. हे त निरी रेती आहे."

गुणवंतराव एकदा कागद बघत, एकदा माती. "मंग नागपूरले गेली ते माती कोणाची?"

"माही," लटारू म्हणाला. "खालच्या बांधीची. म्याच बदलली." तो गुणवंतरावांकडे वळला. "कागदावर पोरीचं नाव होतं भाऊ. तिच्या नावानं खराब माती कशी धाडू? मले वाटलं, माती चांगली निंगाली त तिलेही चांगली म्हणतीन."

भागीरथा सासऱ्याकडे बघत राहिली. आता मात्र तिचे डोळे भरले.

"मामाजी," ती म्हणाली, "माती खराब निंगाली असती त मी सुटली असती ना."

म्हातारा मटकन धुऱ्यावर बसला. मला त्याचा इतका राग आला होता की विचारू नका, आणि तरी त्या क्षणी त्याच्याकडे बघवत नव्हतं. त्याने वाईट म्हणून काही केलंच नव्हतं, हाच तर खरा वैताग! भागीरथाने मला गुणवंतरावांच्या हाती देण्याआधी पदराच्या टोकाने पीळ पुसला. माझ्या सबंध नोकरीत मला पुसणारं ते पहिलं आणि शेवटचं माणूस.

दुसऱ्या दिवशी सकाळी लटारूने बंडी जुंपली. तलाव आटलेला होता. त्याने पाऊस पडेपर्यंत रोज गाळ काढून वरच्या बांधीत नेऊन टाकला. तिसऱ्या दिवशी रुखमाबाईही आपल्या बायांना घेऊन टोपल्या उचलायला आली. गुणवंतरावांनी खऱ्या मातीची नवी पिशवी नागपूरला पाठवली आणि शेणखत किती घालायचं तेही समजावून सांगितलं. रोवणीला रुखमाबाईने पहिली जुडी भागीरथाच्या हातात दिली. "उतर वं चिखलात," एवढंच म्हणाली.

त्या वर्षी धान थोडं कमी पिवळं पडलं. पुन्हा गाळ, पुन्हा शेणखत. पुढच्या वर्षी वरची बांधी कापणीपर्यंत हिरवीगार राहिली. आता तुम्हांला वाटेल, गावाने गाळाचं नाव घेतलं असेल, निदान माझं तरी. छे! रुखमाबाई घरोघर सांगत सुटली, "पाहा बाई, भागीरथाच्या हाताले कसा गुण आला!"

मी सायकलच्या दांडीला बांधलेला होतो. तिथेच माझा तिळपापड झाला. शंभर बंड्या गाळ गेला कुठे? शेणखत गेलं कुठे? नऊ इंच मातीचं कोणी काही बोलायलाच तयार नाही! आता तर रोवणीचा मुहूर्त करायला लोक भागीरथाच्या दारात येऊ लागले. आमच्या बांधीत पहिली जुडी तुझ्याच हातची पाहिजे म्हणून.

पण ती पोर माझ्याहून शहाणी निघाली. ती कोणाला समजावत बसली नाही. दारात येणाऱ्या प्रत्येकाला ती एकच विचारायची, "बांधीत गाळ टाकला काय? खत टाकलं काय? नाई? मंग पहिलं ते टाका. माहा हात मंग मागा." आणि लोक निमूटपणे बंड्या जुंपत. माझ्या कागदांनी पाच वर्षांत जे झालं नव्हतं, ते तिच्या ह्या एका अटीने दोन उन्हाळ्यांत झालं. सगळ्या गावाच्या बांध्यांना गाळ मिळाला.

आता मी एका बंद खोलीत पडून आहे. मूठ वाळवीने खाल्ली आहे, पीळ गंजला आहे. तुमच्यापैकी कोणाच्या हाती माझ्यासारखं एखादं गिरमिट आलं, तर मित्रांनो, त्याने खेकडे काढू नका, आणि काम झाल्यावर त्याला पुसून ठेवा. मातीला नटवू नका, ती जशी आहे तशी दाखवा. आणि धुऱ्यावर मान खाली घालून बसलेलं कोणी दिसलं, तर त्याच्या हाताला नावं ठेवण्याआधी एकदा नऊ इंच खाली जाऊन बघा.