मागे घ्यायचं विधेयक

तिसऱ्यांदा निवडून आल्यावरही लोक त्यांना आमदारसाहेब म्हणत नसत, ड्रायव्हरसाहेबच म्हणत. एकोणीस वर्षं त्यांनी सरकारी बस चालवली होती. पण सभागृहात त्यांना एका जागी बसवत नसे. दहा मिनिटं झाली की उठून लॉबीत फेऱ्या सुरू. शेजारच्या बाकावरचे वकील आमदार म्हणायचे, "अहो, टेका की जरा. तुमच्याच खुर्चीला खिळे आहेत का?"

माणूस कामाला वाघ होता. सकाळी सहापासून घरासमोर रांग लागायची. कुणाची बदली अडलेली, कुणाच्या नळाला पाणी नाही, कुणाच्या मुलीला वसतिगृहात जागा हवी. सगळ्यांचं ऐकून घ्यायचे, पण उभ्याउभ्या. बायको म्हणायची, "तुमचा गिअर न्यूट्रलला म्हणून येत नाही."

या तगमगीचं कारण फक्त आपल्यालाच माहीत आहे, अशी त्यांची समजूत होती.

चौदा वर्षांपूर्वी डेपोत त्यांचा एक जिवलग होता. आवाज असा खणखणीत की सगळे त्याला भोंगाच म्हणत. त्या दिवशी युनियनच्या निवडणुकीचा अर्ज भरायची शेवटची मुदत होती, आणि ड्रायव्हरसाहेबांची नेमकी दुपारची फेरी. भोंगा सकाळची पाळी संपवून घरी निघाला होता. त्याला त्यांनी फाटकातच गाठलं. "माझी एवढी फेरी मार रे. अर्ज भरतो आणि येतो." भोंग्याचे डोळे तांबारलेले होते. आदल्या दिवशीही त्याने दुहेरी पाळी केली होती. पण नाही म्हणणं त्याच्या स्वभावातच नव्हतं. "जा, पुढारी हो," असं म्हणून तो हसत मागे फिरला.

दुपारी तीन वाजता, सरळसोट रस्त्यावर, बस कालव्यात गेली. भोंग्यासकट नऊ माणसं मेली. चौकशी अहवालात निष्कर्षाची एकच ओळ होती : 'चालकाचा निष्काळजीपणा.'

तो अर्ज मात्र वेळेत भरला गेला होता. ड्रायव्हरसाहेब युनियनचे सचिव झाले. अपघातावर पोटतिडकीने बोलू लागले, डेपोडेपोंत फिरले. 'माणसाला दम घेऊ द्या' ही त्यांची घोषणा गाजली आणि तिच्याच जोरावर ते आमदार झाले. भाषणात ते सगळं सांगत. ती फेरी कुणाची होती, तेवढं सोडून.

पहिल्याच अधिवेशनात त्यांनी विधेयक दिलं. जेमतेम दीड पान. कुठल्याही चालकाच्या हाती दिवसात आठ तासांपेक्षा जास्त वेळ चाक द्यायचं नाही, आणि दहा तास विश्रांती झाल्याशिवाय दुसरी पाळी नाही. पण साध्या सदस्यांच्या विधेयकांना शुक्रवारचे शेवटचे दोन तास, तेही चिठ्ठ्या टाकून. कधी त्यांची चिठ्ठी निघायची नाही. निघाली तर गणसंख्येअभावी कामकाज संपायचं, कारण शुक्रवारी दुपारी सगळ्यांना घराची ओढ. सभागृहाची मुदत संपली की विधेयकही संपायचं, मग नव्याने द्यायचं. असं दोनदा झालं. दरम्यान त्यांचा पक्ष सत्तेत आला, त्यांचं वजन वाढलं, कोपऱ्यातलं बाक सुटून ते तिसऱ्या रांगेत आले.

आणि मग त्या अधिवेशनात त्यांची चिठ्ठी पहिली निघाली. त्याच बुधवारी साहेबांचं, म्हणजे पक्षाच्या प्रमुखांचं, बोलावणं आलं.

"मांड की विधेयक," साहेब म्हणाले. "चांगलं तासभर बोल. मग मंत्री म्हणतील, सरकार सकारात्मक विचार करील. तू म्हणायचंस, आश्वासनाबद्दल आभारी आहे, विधेयक मागे घेतो. सगळे तेच करतात."

"आणि तो विचार कोण करणार, साहेब?"

"तूच! सोमवारी शपथविधी आहे. परिवहन खातं तुला देतोय. तिथे बसून कर काय करायचं ते."

"मग मागे कशाला घ्यायचं?"

साहेबांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "खासगी बसवाले आपल्यावर डोळे वटारून बसलेत. त्यांना शुक्रवारी दिसायला हवं की आपण घाई करत नाही. साप मरावा आणि काठीही तुटू नये, एवढंच बघायचं असतं राजकारणात."

बोलणं खोटं नव्हतं. खात्यात बसून एक परिपत्रक काढलं तरी काम झालं असतं. ड्रायव्हरसाहेब जिना उतरले, अर्ध्यातून परत चढले, पुन्हा उतरले. सुरक्षारक्षकाने विचारलं, "काही विसरलं का, साहेब?"

घरी बायको साड्यांना इस्त्री करत होती. "मंत्री होताय की नाही, एवढं सांगा. माझ्या बहिणींचे तीन फोन येऊन गेले." त्यांचा चेहरा पाहून तिने इस्त्री उभी केली. "काय झालं?"

चौदा वर्षं जे सांगितलं नव्हतं, ते त्यांनी तिला तिथेच सांगितलं. तिने इस्त्रीचं बटण बंद केलं. मग म्हणाली, "आधी भोंग्याच्या बायकोला जाऊन सांगा. मला सांगून काय उपयोग?"

गुरुवारी ते गाडी न घेता डेपोत गेले. भोंग्याची बायको आता तिथल्या चौकशीच्या खिडकीत बसे आणि माईकवरून गाड्यांची नावं पुकारी. आमदार झाल्यावर ते आधी वर्षातून एकदा तरी भेटायला जायचे. मग तेही बंद झालं होतं.

"या भावोजी," ती म्हणाली. "आज वाट चुकलात?"

ते मागच्या दाराने आत गेले. स्टूल होतं, पण बसले नाहीत. "वहिनी, त्या दिवशीची ती फेरी माझी होती."

तिने माईकचं बटण बंद असल्याची खात्री केली. "माहीत आहे."

"कधीपासून?"

"त्याच दिवसापासून. हे जेवायला घरी आले नाहीत म्हणून डबा घेऊन आले, तर यांचा पत्ता नाही. ड्यूटीच्या फळ्यावर तुमचं नाव पुसून यांचं लिहिलेलं. तुमचं नीट पुसलंही नव्हतं."

"मग कधी बोलला का नाहीत?"

"मी का बोलायचं? तुम्ही आज ना उद्या सांगाल, असं वाटायचं. चौदा वर्षं लावलीत." तिने समोरचा कागद उगाचच सरळ केला. "आणि माझा राग गेलाय असं समजू नका. तो आहे."

ड्रायव्हरसाहेब म्हणाले, "उद्या विधेयक मागे घे म्हणतायत. मंत्री करतो म्हणतायत. तुम्ही सांगाल तसं करतो."

"हे बरं आहे!" ती ताडकन म्हणाली. "माझ्या खांद्यावर बंदूक नको, भावोजी. मी घ्या म्हटलं तरी तुम्ही सुटलात, नको म्हटलं तरी सुटलात. तुमचं तुम्ही बघा." आणि तिने माईक सुरू करून सव्वाचारची गाडी पुकारली.

शुक्रवारी सभागृहात तीस-चाळीस टाळकी होती. काही पेपर वाचत होती, एक घोरत होतं. स्वीय सहायकाने टाइप करून दिलेलं भाषण ड्रायव्हरसाहेबांनी उघडलंच नाही. ते साधं बोलले. कालव्याचं सांगितलं, नऊ माणसांचं सांगितलं. मग म्हणाले, "अध्यक्ष महोदय, ती फेरी माझी होती. मी ती दमलेल्या माणसाच्या गळ्यात मारली आणि निवडणुकीचा अर्ज भरायला गेलो. तो निष्काळजी नव्हता. त्याला झोप हवी होती. हे नोंदीत घ्या."

पेपर खाली आले. परिवहनमंत्र्यांनी उठून ठरलेलं उत्तर वाचलं : सरकार सकारात्मक विचार करील.

"सन्माननीय सदस्य विधेयक मागे घेत आहेत?" अध्यक्षांनी सवयीने विचारलं. त्यांचा हात पुढच्या कागदावर गेलासुद्धा होता.

पहिल्या रांगेतून पक्षाचे प्रतोद मान वळवून डोळ्यांनी खुणावत होते. वकील आमदारांनी बाही ओढली. "घ्या मागे आणि बसा. सोमवार लांब नाही."

"नाही," ड्रायव्हरसाहेब म्हणाले.

"काय म्हणालात?"

"मागे घेत नाही. मतदान घ्या."

घंटा वाजू लागली. उपाहारगृहातून, लॉबीतून माणसं तोंड पुसत धावत आली. काय चाललंय हे निम्म्यांना ठाऊक नव्हतं. प्रतोद दारातच सांगत होते, विरोधात, विरोधात. बाजूने बावीस, विरोधात एक्याण्णव. वकील आमदारांनी विरोधात मत दिलं, आणि मग ड्रायव्हरसाहेबांकडे न बघता त्यांची पडलेली पेन्सिल उचलून दिली.

दुसऱ्या दिवशी पेपरात विधेयकावर दोन ओळी आणि कबुलीवर अर्धं पान आलं. घरासमोरची रांग त्या दिवशी तुटकच होती. रांगेत एक म्हातारे गृहस्थ होते. त्या बसमध्ये त्यांचा मुलगा गेला होता. त्यांना कुठलाच अर्ज द्यायचा नव्हता. सगळ्यांदेखत त्यांनी ड्रायव्हरसाहेबांना तोंडाला येईल ते सुनावलं. कार्यकर्ते पुढे झाले, तर ड्रायव्हरसाहेबांनी त्यांना हातानेच थांबवलं. म्हातारे दमले तेव्हा ड्रायव्हरसाहेबांनी खुर्ची पुढे केली. म्हाताऱ्यांनी ती लाथाडली आणि ते निघून गेले.

सोमवारी शपथ दुसऱ्याने घेतली. पुढच्या निवडणुकीत तिकीट मिळालं नाही. अपक्ष उभे राहिले आणि सपाटून आपटले. भोंग्याच्या बायकोने सभागृहातल्या भाषणाची प्रत जोडून अहवाल बदलावा असा अर्ज केला होता. तो विचाराधीन होता. त्याचा पाठपुरावा करायला दोघं दर महिन्याला परिवहन कार्यालयात जात. वाटेत फारसं बोलत नसत.

आणखी दोन अपघात झाल्यावर नव्या सरकारने नियम आणला. आठ तासांचे दहा झाले होते, विश्रांतीचे दहाचे आठ. मंत्र्यांनी बऱ्याच जणांचे आभार मानले. त्यात यांचं नाव नव्हतं. घरी पेपर वाचताना ड्रायव्हरसाहेब बायकोला म्हणाले, "दोन तास खाल्ले लेकांनी."

त्यानंतर वर्षभराने मुलीला बाळ झाल्याचा फोन आला. नात झाली होती. नवराबायको तडक बस स्टँडवर गेले. गाडी लागलेली, माणसं चढलेली, आणि चालक खाली उभा. त्याचे दहा तास भरले होते. डेपो मॅनेजर आधी ओरडले, मग विनवणीवर आले, पण चालक ढिम्म हलेना. "नियम आहे," एवढंच म्हणे. बदली चालक यायला दीड तास लागणार होता.

"कुठल्या गाढवाने केलाय हा नियम?" मागच्या सीटवरची बाई कडाडली. सगळी गाडी तिच्या सुरात सूर मिसळू लागली.

बायकोने ड्रायव्हरसाहेबांना कोपर मारलं. "सांगा ना त्यांना."

"गप बस. आणखी उशीर व्हायचा." ते खाली उतरले. चालकाजवळ जाऊन म्हणाले, "घरी जाऊन सरळ झोप. गप्पा मारत बसू नकोस."

चालकाला हे आजोबा कोण ते कळलं नाही. तो मान डोलावून गेला. ड्रायव्हरसाहेबांनी फलाटावर एक फेरी मारली, दुसरी मारली, घड्याळ पाहिलं. तिकडे नात वाट बघत होती. तिसऱ्या फेरीत ते चौकशीच्या खिडकीशी थांबले आणि आतल्या नव्या कारकुनाला त्यांनी चांगलाच आवाज चढवून विचारलं, "अहो, दुसरा ड्रायव्हर निघाला का नाही अजून?"