धोंडू नको, शेवंती हवी

"पाणी कमी पी गो सुगंधा," असं मला धोंडू सांगायचा. ऐकलंत? पाणी कमी पी!

लहानपणीच्या तापात माझे पाय गेले. तेव्हापासून कोणी उचलल्याशिवाय मला परसातसुद्धा जाता येत नाही. बाबा होते तोवर तेच उचलायचे. ते गेले आणि वैनीने माहेरहून आपल्या भावाला, या धोंडूला, आणून बसवलं. राहायला पडवी, जेवायला पेज नि भात-आमटी, आणि काम एकच, मला उचलणं. तर हा पठ्ठ्या सकाळी एकदा न्यायचा आणि दिवे लागताना एकदा. मधे लागली तर? म्हणून म्हणे पाणी कमी पी. "माका दुसरी कामा नायत?" कामं कसली कपाळाची, देवळामागे पत्ते कुटत बसायचा मेला! वैशाखात घशाला कोरड पडायची आणि मी भरल्या तांब्याकडे बघत दिवस काढायची. अस्सा संताप यायचा म्हणून सांगू!

एकदा दुपारी शेवंती मासे घेऊन आली. किनाऱ्यावरची मासेवाली ती, आवाज खणखणीत. घरात कोणी नव्हतं आणि माझा जीव नुसता कासावीस झाला होता. तिने माझ्या तोंडाकडे एकदा बघितलं, पाटी खाली ठेवली, "घट्ट धर गो माका," म्हणाली आणि मला परसात नेऊन आणलं. मी रडले. रडू आलं ते आलं, त्यात लाजायचं काय?

दुसऱ्या दिवशी ती आपल्या जावेला, मथुराला, घेऊन आली. मासळीच्या जड टोपल्या त्या दोघी बांबूला लटकवून खांद्यावरून नेत. त्याच बांबूला त्यांनी जुन्या शिडाचं कापड झोळीसारखं बांधलं आणि मला त्यात बसवलं, तोंड पुढे करून. धोंडूच्या पाठीवर मला त्याची मळकट मान तेवढी दिसायची. शेवंती म्हणाली, "खंय जावचा? सांग." मला असं कधी कोणी विचारलंच नव्हतं. मी म्हटलं, "दर्यार." घरापासून हाकेवर समुद्र, पण बाबा गेल्यापासून मी तो नुसता ऐकत होते. त्या दिवशी लाटेत हात बुडवून बसले.

संध्याकाळी दादाला सांगून टाकलं, "आजपासून माका धोंडू नको. शेवंती होयी. बाबांनी माझ्या नावान सोडलेल्या माडांचे नारळ तिका जातले."

वैनी थयथयाट करत बाहेर आली. "घरचो माणूस सोडून ती मासेवाली? वास मारता तिका!"

"तिचेच बांगडे तू रोज बोटा चाटीत खातंस मा गो वैनी?"

दादा, म्हणजे माझा मोठा भाऊ सत्यवान, बायकोलाही घाबरतो आणि गावालाही. तो म्हणाला, "सोमवारी सातेरीचो कौल घेवया. देवी म्हणात तसा." आमच्या गावात बैल घ्यायचा तरी देवीचा कौल लागतो. बाबली गुरव पाषाणावर फुलांच्या ओल्या पाकळ्या लावतो. उजवी पडली तर हो, डावी पडली तर नाही. मी म्हटलं, "घेवया. मीय येतलंय."

"तुका कोण उचलून हाडतलो? धोंडू तर माझ्याबरोबर फुडे जातलो," दादा म्हणाला आणि वैनी पदराआड हसली. माझ्याशिवाय माझा कौल! मी गप्प बसले नाही, पण तिथे ऐकतो कोण?

सोमवारी ती मंडळी गेली आणि पाठोपाठ शेवंती-मथुरा झोळी घेऊन आल्या. आम्ही देवळात पोचलो तेव्हा मंडप भरला होता आणि बाबली गुरवाचं गाऱ्हाणं सुरू झालं होतं. गुरवाने हात जोडून देवीला एकेक मागणं सांगायचं आणि सगळ्यांनी एका आवाजात "व्हय म्हाराजा" म्हणायचं, ही आमची रीत. गुरव सांगत होता, "बाय सातेरी, ह्या सत्यवानाची पांगळी बहीण हट्टाक पेटली आसा, तिका बरी बुद्धी दी..."

"व्हय म्हाराजा!"

"थांबा!" मी दारातून ओरडले.

दादा चरकला. "सुगंधा? तू कशी इलंस?"

"दोन बायल माणसांच्या खांद्यार बसान इलंय. डोळे नायत तुका?"

गुरव म्हणाला, "गो, बायल माणूस गाऱ्हाणा घालीत नाय."

"माझे पाय गेलेत बाबलीकाका, तोंड नाय गेलला. माझा गाऱ्हाणा मीच घालतलंय."

त्याला पुढे बोलूच दिलं नाही. लहानपणी बाबांच्या खांद्यावर बसून इतकी गाऱ्हाणी ऐकली होती की चाल तोंडपाठ. मी हात जोडले आणि तोच सूर धरला. "बाय सातेरी, ह्या तुझा लेकरू सुगंधा तुझ्या पायाकडे इला आसा..."

"व्हय म्हाराजा!" शेवंती गरजली. तिच्यामागून अख्खा मंडप. जन्माची सवय, दुसरं काय!

"तिका घरात तानेन मारतत, पाणी पिवक दीत नाय..."

"व्हय म्हाराजा!"

"त्या धोंडूक त्याच्या घराक धाड..."

"व्हय म्हाराजा!"

"आणि माका उचलूचा कोणी, ता माझा मीच ठरवीन!"

"व्हय म्हाराजा!"

सगळ्यांत मोठा आवाज दादाचा. बोलून गेल्यावर त्याच्या ध्यानात आलं आणि त्याने तोंडावर हात नेला. वैनीने त्याला असा चिमटा काढला की बिचारा कळवळला.

बाबली गुरव हातात ओल्या पाकळ्या घेऊन उभा. "मगे आता कौल लावू?"

"कित्याक?" मी म्हटलं. "देवीच्या समोर तुमी सगळ्यांनी व्हय म्हटलास. आता ज्याका नाय म्हणूचा आसात, त्याणी हयसर येवन, माझ्या तोंडाकडे बघून म्हणा."

कोणी पुढे आलं नाही. येणार कोण? धोंडूनेसुद्धा व्हय म्हटलं होतं, मी माझ्या कानांनी ऐकलं.